वह्या परत न्या, पुन्हा लिहा

वह्या बंद करा. पेनं खाली ठेवा. मागच्या बाकावरची कुजबुज थांबली की मी बोलायला लागते.

नववीच्या दोन्ही तुकड्यांचे प्रकल्प तपासून झाले. 'मुलींच्या शिक्षणाच्या इतिहासातील राजस्त्रिया' हा विषय मी मुद्दाम दिला होता. ज्यांची नावं तुम्ही ऊठसूट घेता, त्यांच्याबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे ते मला पाहायचं होतं. ते दिसलं. चमकीच्या पेनाने आखलेले समास दिसले, मखमली कागदाची कव्हरं दिसली, रंगीत प्रिंट काढून चिकटवलेल्या तसबिरी दिसल्या. आतल्या मजकुरात प्रत्येक राणी थोर, प्रत्येक राणी धाडसी, प्रत्येक राणी दूरदृष्टीची. एकीचं नाव खोडून दुसरीचं घातलं तरी एक ओळ बदलावी लागू नये, अशी ही चरित्रं! एका वहीत तर अहिल्याबाईंवरचा परिच्छेद जसाच्या तसा महाराणी ताराबाईंच्या पानावर उतरवला आहे आणि त्यातलं 'महेश्वर' बदलायचंही राहून गेलं आहे. ताराबाईंची कर्मभूमी पन्हाळा, कोल्हापूर, सातारा. महेश्वर नर्मदेच्या काठी. जिने हे लिहिलं तिने स्वतःचं पानसुद्धा पुन्हा वाचलेलं नाही. नाव घेत नाही. तिला कळलं आहे.

बऱ्याच वह्यांत आणखी एक वाक्य आहे: 'जिजाऊंनी मुलींसाठी शाळा काढल्या.' कुठे काढल्या? कोणत्या साली? हे तुम्हाला कोणी सांगितलं? सतराव्या शतकात आपल्याकडे आजच्या अर्थाने मुलींच्या शाळा नव्हत्या. जिजाऊंचं मोठेपण कशात आहे हे शोधायचा कंटाळा आला, म्हणून तुम्ही त्यांच्या नावावर शाळा घालून दिलीत. त्यांना तुमच्या खोट्या दाखल्याची गरज नाही. आणि या खोट्याने कोणाचं नुकसान होतं ते ऐका. 1848 मध्ये पुण्यात भिडे वाड्यात ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या पाठीशी ना राज्य होतं ना खजिना. शाळेत जाताना लोकांनी अंगावर शेण फेकलं ते त्यांच्या. त्याच्या दोनशे वर्षं आधीच राणीने शाळा काढल्या होत्या असं लिहिलंत, की सावित्रीबाईंना एवढं सोसावं का लागलं याचं उत्तरच उरत नाही. भक्तीच्या भरात तुम्ही एकीचं कर्तृत्व दुसरीच्या पदरात टाकता आणि दोघींचाही अपमान करता.

आता अहिल्याबाई. जवळजवळ सगळ्यांनी त्यांना घेतलं, आणि सगळ्यांनी घाट, देवळं, धर्मशाळा एवढंच लिहिलं. विषय काय होता? शिक्षण. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांच्या या लेकीला लिहिता-वाचता येत होतं, हे सहा-सात जणींनी एका ओळीत उरकलं आणि पुढच्या ओळीत काशीला पोचल्या. तिथेच थांबायला हवं होतं. सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, 1765 मध्ये त्यांना पाठवलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात ख्यालीखुशाली विचारलेली नाही. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे जा, मोठा तोफखाना बरोबर ठेव, दारूगोळ्याची तजवीज कर, वाटेच्या रक्षणासाठी चौक्या बसव, असा हुकूम आहे. सुनेला. तोही अठराव्या शतकात. हे पत्र वाचायचं, त्यातल्या एकेका कलमाचा हिशेब लावायचा आणि तसं घडवून आणायचं, यासाठी काय लागतं? पुढे 1767 पासून 1795 पर्यंत, मरेपर्यंत, त्यांनी माळव्याचा कारभार पाहिला तो देवघरात बसून पाहिला नाही. महसूल, फिर्यादी, दत्तकाचे वाद, पुण्याशी पत्रव्यवहार, हे सगळं त्यांच्यासमोर चालायचं. हातातलं शिवलिंग तुम्ही सगळ्यांनी चित्रात काढलंत. समोरची कागदपत्रं एकीनेही काढली नाहीत.

मागच्या आठवड्यात मी हेच वर्गात बोलले तेव्हा एक उत्तर आलं. 'बाई, त्या राण्या होत्या. त्यांना काय कमी होतं?' बाकीच्या हसल्या. त्या हसण्याचा मला जास्त राग आला. तुम्हाला वाटलं, पळवाट सापडली. राणीची आरती करायची आणि तिच्यासारखं काही करायची वेळ आली की 'ती राणी होती' म्हणून हात झटकायचे. आरती आणि पळवाट, दोन्ही आळसाचीच रूपं.

राण्यांना काय कमी होतं ते मी सांगते. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. तुमच्या एकाही वहीत हे नाव नाही. मूळच्या देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई. 1885 मध्ये सयाजीराव गायकवाडांशी लग्न झालं तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या, म्हणजे तुमच्याच वयाच्या. सयाजीरावांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. लग्नाआधी शिक्षण म्हणावं असं काही नव्हतं. पुढ्यात होता पडदा. वाड्यात दासी होत्या, दागिने होते, पण दरबार पाहायचा तो आडून. शिकणं झालं ते लग्नानंतर, मुलंबाळं होत असताना. खुद्द सयाजीरावांचंही काय वेगळं होतं? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, शेतकरी घरातला गोपाळ. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि खरा अभ्यास तिथून सुरू झाला. बाराव्या वर्षी पाटी हातात घेतलेल्या माणसाने पुढे 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात तो कायदा लावला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड! ब्रिटिश हिंदुस्थानात असं काही नव्हतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये कायदे मंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला. ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं.

त्या बडोद्याच्या कायद्यातला एक आकडा तुम्ही प्रत्येकीने वहीत लिहून घ्या. मुलांना सक्ती सात ते बारा वर्षांपर्यंत. मुलींना सात ते दहा. देशातल्या सर्वांत पुढारलेल्या संस्थानात, सर्वांत उदार राजाच्या हातून झालेल्या कायद्यातसुद्धा मुलीच्या वाट्याची दोन वर्षं कापलेली होती. कारण दहाव्या वर्षानंतर तिचं काय होणार हे गावागावाने आधीच ठरवून टाकलं होतं. 1904 मध्ये बडोद्याने बालविवाह रोखायचा कायदा केला त्यातही मुलीच्या लग्नाचं वय बाराच धरलं. शाळा आणि लग्न यांची ही ओढाताण नुसत्या हुकमाने सुटणारी नव्हती. ते कोणीतरी सगळ्यांसमोर उभं राहून, बाईच्या आवाजात बोलायला हवं होतं. चिमणाबाईंचं काम तिथे सुरू होतं.

1911 मध्ये त्यांचं एक इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं, एस. एम. मित्रा यांच्याबरोबर लिहिलेलं. हिंदुस्थानी स्त्रियांच्या स्थितीविषयी. त्यात उपदेश थोडा आणि कामधंद्याची चर्चा जास्त आहे. परदेशात बायका कोणकोणते व्यवसाय करतात, त्यातले आपल्याकडे कोणते जमतील, त्यासाठी संघटना कशी बांधावी, याचा विचार आहे. राणीला पगाराची गरज नव्हती. दुसऱ्या बाईला आहे, हे तिला दिसलं होतं. 1914 मध्ये चिमणाबाईंनी जाहीरपणे पडदा सोडला. त्याच वर्षी बडोद्यात त्यांच्या नावाचं स्त्री उद्योगालय उभं राहिलं, बायकांना हाताला काम आणि पदरी पैसा मिळावा म्हणून.

आणि आता ज्यासाठी मला तुमचा खरा राग आला ते. जानेवारी 1927. जागा, पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन, आणि अध्यक्षस्थानी महाराणी चिमणाबाई. बंगालच्या एका शिक्षणाधिकाऱ्याने बायकांना विचारलं होतं, तुम्हाला मुलींसाठी कसलं शिक्षण हवं ते तुम्हीच सांगा. मार्गारेट कझिन्स यांनी ते मनावर घेतलं, प्रांताप्रांतांत बायकांच्या सभा भरवल्या, आणि त्या सगळ्या प्रतिनिधी पुण्यात जमल्या. राणीपासून शिक्षिकेपर्यंत सगळ्या. विषय फक्त शिक्षणाचा ठेवला होता. पण बोलायला बसल्यावर त्यांना बालविवाह बाजूला ठेवता येईना, कारण मुलगी शाळेतून नाहीशी होते ती कुठे जाते हे प्रत्येकीला ठाऊक होतं. पुढे बालविवाह रोखणाऱ्या 1929 च्या शारदा कायद्यासाठी हीच परिषद झटली. दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज 1932 मध्ये निघालं ते हिच्याच खटपटीतून. हे सगळं पुण्यात सुरू झालं, तुमच्याच राज्यात, तुमच्याच भाषेत वाढलेल्या राणीच्या अध्यक्षतेखाली. आणि तुमच्या वहीत तिच्यासाठी अर्धी ओळ नाही, कारण तिच्या तसबिरीत घोडा नाही.

तुम्ही राणी निवडता ती तलवारीवरून. हा तुमचा खरा दोष आहे. झाशीच्या राणीचाही तुम्ही फक्त घोडा घेतला. संस्थान खालसा झालं तेव्हा तिने आधी अर्ज केले, जॉन लँग या वकिलाला बोलावून कायद्याने दाद मागितली, हे किती जणींनी लिहिलं? एकीनेही नाही. शस्त्र शेवटी आलं. आधी कागद होता.

चिमणाबाईंनाही देव करू नका, तेवढं बजावून ठेवते. त्यांची मुलगी इंदिराराजे बडोदा कॉलेजात शिकली. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं. त्यांची आधीची पत्नी होती, आणि तिकडे गेलं की पुन्हा पडदा. 1911 च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास इंदिराराजेंनी घरात कोणाला न सांगता स्वतःच्या हाताने ग्वाल्हेरला पत्र लिहिलं की मला हे लग्न करायचं नाही. बडोद्याला तार आली, राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय? वाड्यात एकच गहजब झाला. कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न करायला आईवडिलांनी कडवा विरोध केला. स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिलेल्या आईनेही. शेवटी 1913 मध्ये लंडनमध्ये लग्न झालं, तेव्हा आईवडील हजर नव्हते. पण नीट विचार करा. ते पत्र लिहायची हिंमत त्या मुलीत आली कुठून? ज्या आईने शिकवलं, तिच्याच मनाविरुद्ध मुलीने ते शिक्षण वापरलं. शिकवणं याचा अर्थच तो आहे, आणि ही गोष्ट तुमच्या आईवडिलांनीही ऐकली पाहिजे. इंदिराराजे पुढे पतीमागे कूचबिहारच्या राजप्रतिनिधी झाल्या. त्यांची मुलगी गायत्रीदेवी जयपूरला गेली आणि 1943 मध्ये तिथे तिने मुलींची शाळा काढली, पडद्यातल्या घरांतल्या मुलींना बाहेर काढण्यासाठी. आजी, मुलगी, नात. तुमच्या वह्यांत यांतली एकही नाही.

आणखी कोण नाही ते ऐका. भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम नाहीत. का? 1901 पासून 1926 पर्यंत राज्य केलं, 1903 मध्ये मुलींची शाळा काढली, अलीगढच्या मुलींच्या शाळेला मदत केली, 1920 मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. महिला परिषदेच्या 1928 च्या दिल्ली अधिवेशनाच्या अध्यक्षही त्याच. दरबारातसुद्धा बुरख्यात बसणारी ही बाई विद्यापीठाची कुलपती झाली. यादीत फक्त आपल्या जातीच्या, आपल्या धर्माच्या राण्या घ्यायच्या असा नियम मी घातला नव्हता. तो तुम्ही घातलात, कोणी न सांगता. हे लक्षण चांगलं नाही. त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईही कोणाला सापडल्या नाहीत. 1817 मध्ये, पंधरा-सोळा वर्षांच्या असताना, प्रजेच्या शिक्षणाचा सगळा खर्च सरकारने करावा असा हुकूम त्यांनी काढला. तुमच्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठी मुलगी होती ती.

कोल्हापूरचं तरी लिहायचं! पुस्तकात शाहू महाराजांवर धडा आहे, तो तुम्ही पाठ केलात. त्यांची सून इंदुमतीदेवी त्या धड्यात नाही, म्हणून तुमच्या वहीतही नाही. 1918 मध्ये त्यांचे पती, धाकटे राजपुत्र शिवाजी, शिकारीत अपघाताने गेले, तेव्हा इंदुमतीदेवी अकरा-बारा वर्षांच्या होत्या. राजघराण्यातली विधवा. रीत काय सांगत होती? एक खोली, पांढरं वस्त्र, देवदेव. महाराजांनी घरातला विरोध बाजूला सारून सोनतळीच्या कॅम्पवर त्यांच्या शिक्षणाची सोय केली आणि बरोबर शिकायला निरनिराळ्या जातींच्या मुली ठेवल्या. त्याच कोल्हापुरात अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये डॉ. आनंदीबाई जोशींची नेमणूक झाली होती. 1887 मध्ये त्या वारल्या, जागेवर रुजू होता आलं नाही. पुढे त्याच हॉस्पिटलात डॉ. कृष्णाबाई केळवकर आल्या. त्यांच्या आई रखमाबाई केळवकर कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचं खातं सांभाळत होत्या. राणीला शिकवायला, राणीला तपासायला, राणीच्या राज्यात शाळा चालवायला सामान्य घरातल्या शिकलेल्या बायका लागल्या. हे चित्र ज्या वहीत असेल तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. मखमली कागद नसता तरी.

यापुढचं मी तुमच्या पालकांसाठी बोलते आहे. प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर त्यांची सही आहे, म्हणून हे घरी जाऊन त्यांना शब्दशः सांगा. स्नेहसंमेलनात मुलीला जिजाऊ करायची म्हणून तुम्ही नऊवारी भाड्याने आणता, नथ आणता, फेटा बांधून घेता, फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवता. आणि तीच मुलगी सकाळच्या जादा तासाला येत नाही, कारण धाकट्याला सांभाळायला घरी कोणी नाही. दहावीनंतर काय, असं विचारलं की तुम्ही म्हणता, 'बघू, चांगलं स्थळ आलं तर.' लग्नाचं वय अठरा आहे. बारावीपर्यंत मुलीची फी माफ आहे. कारणं संपली की तुम्ही रिवाज सांगता, आणि रिवाज संपला की 'लोक काय म्हणतील'. ज्या घरात मुलीच्या पुस्तकासाठी एक कोपरा मोकळा होत नाही, त्या घराने जिजाऊंच्या तसबिरीला हार घालू नये.

आता पुन्हा तुम्ही. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. तुम्ही नववीत आहात. त्या कायद्याने दिलेलं संरक्षण तुमच्यातल्या बहुतेकींच्या मागे पडलं आहे. बडोद्याच्या मुलीचं संरक्षण दहाव्या वर्षी संपायचं, तुमचं चौदाव्या वर्षी संपलं. इथून पुढे तुम्ही या बाकावर बसाल की नाही हे तुमचं घर ठरवणार, आणि तुम्ही किती ठाम राहता त्यावर ठरणार. म्हणून मला या कोऱ्या, उसन्या वह्यांचा एवढा राग आला. ज्या मुलीला चार ओळी स्वतःच्या लिहिता येत नाहीत, ती उद्या स्वतःसाठी पत्र कसं लिहिणार? वडिलांना, मामांना, पोलीस ठाण्याला, कोणालाही? आजच्या वह्यांतले मोजके अपवाद मी वेगळे काढून ठेवले आहेत. त्यांनाही शाबासकी देत नाही. त्यांनी जेवढं केलं तेवढं सगळ्यांनी करायचंच होतं.

वह्या परत घेऊन जा. सोमवारी पुन्हा आणायच्या. एकच राणी घ्यायची. ती कोणाकडून शिकली, कोणत्या वयात शिकली, शिकून तिने दुसऱ्यांसाठी नेमकं काय केलं, आणि काय केलं नाही, एवढंच लिहायचं. साल लिहिलंत तर ते कुठल्या पुस्तकात वाचलं ते मला तोंडी सांगता आलं पाहिजे. थोर, धाडसी, दूरदृष्टीची हे शब्द चालणार नाहीत. चित्र चिकटवायचं नाही. शाळेचं वाचनालय शनिवारी दुपारपर्यंत उघडं असतं आणि मी तिथेच बसलेली असेन.

शेवटचं पान वेगळं. त्यावर तुमच्या आईचं आणि आजीचं लिहा. दोघी कितवीपर्यंत शिकल्या, शाळा कोणत्या साली सुटली, ती सोडायचं कोणी ठरवलं. विचारल्याशिवाय लिहायचं नाही. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा विचारा.